भुंकण्याचा 'फीडबॅक'

होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा एक आवाज असतो. सबमिशनची रात्र असते, फाईल अर्धी उरलेली असते, आणि नेमकी तेव्हाच मेसच्या मागे कुत्र्यांची मैफल सुरू होते. मग एका खिडकीतून "ए हाड!" अशी आरोळी येते, दुसऱ्या खिडकीतून चप्पल सुटते. कुत्री दोन मिनिटं गप्प बसतात आणि पुन्हा सुरू. सकाळी चप्पल सापडत नाही, ती गोष्ट वेगळी!

कुत्रा इतका का भुंकतो, ओरडल्यावर थांबत का नाही, आणि त्याला थांबायला शिकवता येतं का, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं या लेखात द्यायची आहेत. उदाहरण आमच्या घरच्या मोत्याचं घेतो. मोत्या जातिवंत वगैरे नाही, साधा गावठी कुत्रा आहे.

आमचं गाव वैशाखरे, तालुका मुरबाड. कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालं की मुरबाड आणि टोकावडे मागे टाकल्यावर आमचं गाव लागतं. नाणेघाटाला जाणारे ट्रेकर आमच्या गावावरूनच जातात, त्यामुळे तुमच्यापैकी काही जण येऊनही गेले असतील. आमचं घर हमरस्त्याला लागून आहे. रात्रभर घाटावरून भाजीचे ट्रक उतरतात, एस.टी. जाते, पावसाळ्यात शनिवार-रविवारी माळशेजच्या पर्यटकांच्या गाड्या आणि बाईक. शुक्रवारी मध्यरात्री पाठीवर सॅक आणि हातात बॅटऱ्या घेतलेले ट्रेकरही असतात. मोत्या या सगळ्यांवर भुंकायचा. एकही गाडी सोडायचा नाही.

शेजारच्या काकांच्या घरी तान्हं बाळ आलं तेव्हा प्रकरण पेटलं. बाळ झोपलं की ट्रक यायचा, ट्रक आला की मोत्या सुरू, आणि मोत्या सुरू झाला की बाळही सुरू. बाळाची आई रात्ररात्र जागी. शेवटी काका बाबांना म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर कुत्रं घाटात नेऊन सोडा, तुम्हाला जमत नसेल तर मी सोडतो." काकांचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. जरा हिशोबच करून बघा. कुत्र्याचं भुंकणं एक मीटरवर ९० डेसिबल धरलं, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ३२ मीटरवर ६० आणि १२८ मीटरवरसुद्धा ४८. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे. काकांचं घर आमच्यापासून तीसेक मीटरवर. म्हणजे तक्रार खरी होती.

पण घाटात सोडणं म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्या डोंगराकडच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१६ साली 'ऑरिक्स' या नियतकालिकात छापून आला. त्यांच्या हिशोबाप्रमाणे बिबट्याच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा माणसांच्या आसपासच्या पाळीव प्राण्यांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के! घराची सवय असलेला कुत्रा घाटात एकटा किती दिवस टिकेल, ते तुम्हीच ठरवा. शिवाय उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हाही आहे.

त्याच बिबट्यामुळे दुसरी अडचण होती. मोत्याला पूर्ण मुका करून चालणार नव्हतं. गोठ्यामागे रात्री काही आलं तर पहिली खबर तोच देतो. कुत्रा माणसाला न ऐकू येणारेही आवाज ऐकतो. आपले कान २०,००० हर्ट्झला थांबतात, त्याचे साधारण ४५,००० पर्यंत जातात. म्हणजे ट्रकवर भुंकणं बंद करायचं, पण बिबट्यावरचं भुंकणं शाबूत ठेवायचं! सेमिस्टरनंतरची तीन आठवड्यांची सुट्टी माझ्या हातात होती.

कुत्रा का भुंकतो?

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पण मोठा झालेला लांडगा फार कमी भुंकतो. कुत्रा मात्र माणसाजवळ राहून बोलका झाला. आणि त्याचं सगळं भुंकणं एकसारखं नसतं. बुडापेस्टच्या एओटव्होश लोरांद विद्यापीठातल्या पेतर पोंग्राट्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणूस आला, कुत्र्याला एकटं बांधलं, खेळ चालू आहे, अशा वेगवेगळ्या प्रसंगी केलेलं भुंकणं टेप करून त्यांनी लोकांना ऐकवलं. कुठलं भुंकणं कशाचं, हे लोकांनी नुसत्या अंदाजापेक्षा बरंच बरोबर ओळखलं. ज्यांनी कधी कुत्रा पाळला नव्हता त्यांनीसुद्धा!

मोटामोटी असं धरा. जाड, खरखरीत, भरभर एकामागून एक येणारं भुंकणं म्हणजे 'कोणीतरी आलंय, दूर जा'. बारीक, सुटं सुटं, मध्ये थांबून येणारं भुंकणं म्हणजे 'मी एकटा आहे, कोणीतरी या'. सूर वरखाली होत असेल आणि शेपूट हलत असेल तर खेळ. आपल्या म्हणीत 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' असं असलं तरी म्हणीवर भरवसा ठेवून जवळ जाऊ नका. दूर जा म्हणणाऱ्या कुत्र्याला तुम्ही जवळ आलेले दिसलात तर तो पुढची पायरी गाठू शकतो.

ओरडून का थांबत नाही?

इथे आपला कंट्रोल सिस्टिमचा पेपर कामाला येतो. ट्रक येतो, मोत्या भुंकतो, ट्रक निघून जातो. ट्रक जाणारच होता, कल्याणचं मार्केट गाठायचं असतं त्याला. पण मोत्याच्या हिशोबात 'मी भुंकलो म्हणून गेला'. दर रात्री शेकडो गाड्या, आणि दर वेळी मोत्याचाच विजय! एवढं यश मिळाल्यावर कोण थांबेल? आपल्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक झाला. आऊटपुट परत इनपुटला येऊन मिळतं आणि वाढत जातं. मानसशास्त्रात मात्र याला 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' म्हणतात. त्यातला निगेटिव्ह म्हणजे शिक्षा नव्हे. नकोशी गोष्ट वजा झाली म्हणून वागणूक पक्की झाली, असा त्याचा अर्थ. वागणुकीचा परिणाम काय होतो त्यावर ती वागणूक वाढते किंवा घटते, हा विचार बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला.

आता आपल्या "ए हाड!" कडे बघा. कुत्रा भुंकतोय आणि घरातून चार माणसं मोठमोठ्याने ओरडतायत. त्याला काय वाटणार? 'आपली माणसंही भुंकायला लागली, म्हणजे धोका खराच आहे!' आणि एकटेपणामुळे भुंकणाऱ्या कुत्र्याला तर ओरडा म्हणजे बक्षीसच, कारण कोणीतरी आलं ना! मारलं तर तेवढ्यापुरता गप्प होतो, पण ट्रक आला की मार बसतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मग ट्रकची भीती आणखी वाढते आणि भीतीने भुंकणंही.

आम्ही काय केलं?

१) वही घातली. पहिले तीन दिवस काहीच शिकवलं नाही, फक्त नोंदी. चार रकाने : वेळ, आधी काय घडलं, कसं भुंकला, आणि त्यानंतर काय झालं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण भुंकून कुत्र्याला काय मिळतं ते त्यात कळतं. आमच्या वहीत तीन प्रकार निघाले. रस्त्यावरच्या गाड्या आणि माणसं, हा सर्वात मोठा. दुसरा, सकाळी सगळे शेतावर गेले आणि मोत्या साखळीला असला की तासभर चालणारं बारीक भुंकणं. तिसरा, क्वचित कधीतरी रात्री मागच्या जंगलाकडे तोंड करून केलेलं. तिसऱ्याला हात लावायचा नाही असं ठरलं.

२) इनपुट कमी केलं. मोत्याची जागा पुढच्या अंगणात होती, म्हणजे रस्ता हा त्याचा चोवीस तासांचा टी.व्ही.! रात्रीची जागा मागच्या पडवीत केली, दार लावून आत. पुढे अंगणाला रस्त्याच्या बाजूने कारवीचा कूड घातला, म्हणजे गाड्या दिसणंच कमी झालं. सवय मोडायची तर ती दररोज घोटली जाता कामा नये. शिवाय रात्री दाराआड असलेला कुत्रा बिबट्यापासूनही वाचतो.

३) साखळी कमी, चालणं जास्त. सकाळी शेतावर जाताना त्याला दोरीने बरोबर न्यायला लागलो. दिवसभर आखूड साखळीला बांधलेला कुत्रा दुसरं करणार तरी काय? वर सांगितलेल्या १९६० च्याच कायद्यात जनावराला अवाजवी वेळ आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं, ही दोन्ही क्रूरतेत मोजली आहेत. आमच्याकडे आठवड्याभरात दुसऱ्या प्रकारचं भुंकणं जवळजवळ गेलं.

४) 'बस' शिकवलं. मोत्या भुंकला की जवळ जाऊन हळू आवाजात एकदाच 'बस' म्हणायचं आणि सुक्या बोंबलाचा तुकडा नाकाजवळ धरायचा. हुंगता हुंगता भुंकणं कुत्र्याला जमत नाही, तो गप्प होतोच. दोन सेकंद गप्प राहिला की तुकडा द्यायचा. मग पाच सेकंद, दहा, तीस. वेळ हळूहळू वाढवायची. गप्प बसलेला असतानाच तुकडा मिळाला पाहिजे. एका सेकंदाने उशीर झाला आणि तो पुन्हा भुंकला, तर भुंकण्याचंच बक्षीस दिल्यासारखं होतं. बोंबील नसेल तर भाकरीचा तुकडा चालतो, पण बोंबलाची बात वेगळी!

५) गाडीचा अर्थ बदलला. हे काम सर्वात सावकाश करायचं. फक्त 'बस' वर थांबलो तर हुशार कुत्रा 'भुंकायचं, गप्प बसायचं, बोंबील खायचा' असा धंदा सुरू करतो. म्हणून भुंकण्याच्या आधीच गाठायचं. लांबून गाडीचा आवाज आला, मोत्याने कान टवकारले, पण अजून भुंकला नाही, तेवढ्यात तुकडा. घंटा वाजली की खाणं येतं हे शिकलेल्या पावलॉव यांच्या कुत्र्याला जशी नुसत्या घंटेने लाळ सुटायची, तसाच हा प्रकार. पावलॉव यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते खरं तर पचनाच्या अभ्यासाबद्दल. सुरुवात घरामागे, दुपारी, गाड्या तुरळक असताना केली. मग अंगणात, मग कुडाजवळ, आणि शेवटी रात्री. बीमवर पहिल्याच दिवशी पूर्ण लोड टाकत नाहीत, तसंच आहे हे. एखाद्या टप्प्यावर कुत्रा तुकडा घेईना, नुसता भुंकतच सुटला, तर लोड जास्त झाला असं समजायचं आणि मागे यायचं.

६) घरभर एकच नियम. शब्द सगळ्यांचा एकच, 'बस', आणि ओरडायचं कोणीच नाही. आजीला हे पटायला वेळ लागला. "कुत्र्याला काय इंग्लिश मीडियमला घालतोस का?" असं ती म्हणाली. पण चौथ्या-पाचव्या दिवसापासून बोंबलाचे तुकडे तिच्याच ओच्यात असायचे!

मधला वाईट आठवडा

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. लक्ष वेधण्यासाठीचं भुंकणं दुर्लक्ष करून बंद करायला गेलात तर ते आधी वाढतं. लिफ्टचं बटन दाबूनही लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? आणखी जोरात, पाच-दहा वेळा दाबतो, आणि मगच जिना धरतो. कुत्र्याचंही तसंच. याला 'एक्स्टिंक्शन बर्स्ट' म्हणतात. बरेच लोक नेमके याच वेळी वैतागून "घे बाबा" म्हणत जवळ जातात. त्यातून कुत्रा शिकतो की थोडं भुंकून भागत नाही, खूप भुंकावं लागतं! आणि कधी मिळतं कधी नाही, अशा बक्षिसाची सवय सर्वात चिवट असते. लॉटरीचं दुकान त्यावरच तर चालतं. त्यामुळे दुर्लक्ष करायचं ठरवलं तर शेवटपर्यंत. मात्र कुत्रा खरंच तहानलेला, आजारी किंवा दोरीत अडकलेला नाही ना, हे आधी बघायचं. इतके दिवस शांत असणारा कुत्रा एकाएकी भुंकायला लागला तर आधी जनावरांचा डॉक्टर.

बाजारात भुंकलं की विजेचा झटका देणारे पट्टेही मिळतात. इलेक्ट्रिकलवाल्यांना मोह होईल, पण नको. असले झटक्याचे पट्टे वेल्समध्ये २०१० पासून बंद आहेत. पट्टा फक्त आवाज दाबतो, कारण तसंच राहतं. आणि त्या पट्ट्याला ट्रक आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही.

काय साधलं?

सुट्टी संपताना मोत्या पूर्ण गप्प झाला होता असं नाही. ट्रक गेला तर एखादा हुंकार, मग मान वळवून आमच्याकडे बघणं. पण रात्रीच्या भुंकण्याच्या नोंदी वहीत पानभरावरून चार-पाच ओळींवर आल्या. काकांनी घाटाचा विषय पुन्हा काढला नाही. दिवाळीचा फराळ द्यायला आई गेली तेव्हा बाळाच्या आईने मोत्यासाठीही एक चकली पाठवली. (कुत्र्याला चकली देऊ नये. ती मीच खाल्ली.)

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री मोत्या पडवीत भुंकायला लागला. रस्ता शांत होता. आवाज जाड आणि सलग, तोंड मागच्या दाराकडे, अंगावरचे केस उभे. बाबा 'बस' म्हणाले तरी थांबेना. बाबांनी बॅटरी लावली, काकांना हाक मारली, दोघांनी पत्र्याचे डबे वाजवले. सकाळी काकांच्या शेळ्यांच्या कुडापाशी चिखलात मोठ्या मांजरासारखे ठसे होते. शेळ्या सगळ्या जागेवर होत्या. 'बस' ला न जुमानणारं ते भुंकणं कुठल्या प्रकारातलं, हे बाबांना वही न उघडताच कळलं होतं.

होस्टेलसाठी

होस्टेलची कुत्री आपल्या घरची नाहीत, त्यामुळे वरचे धडे त्यांना द्यायला जाऊ नका. पण वहीचा नियम इथेही लागू पडतो : भुंकून त्यांना काय मिळतं? मेसमागे उघडं पडलेलं उष्टं हे पहिलं उत्तर. अन्नाचा ढीग असला की त्यावर हक्क सांगणारी टोळी येते, दुसरी टोळी आली की भांडण, आणि भांडणाचा आवाज आपल्या खिडकीत. उष्टं झाकणाच्या डब्यात गेलं आणि रोज उचललं गेलं तर अर्धं काम होतं. दुसरं, दगड मारू नका. दगड खाल्लेला कुत्रा पुढच्या प्रत्येक पाठीवर सॅक असलेल्यावर भुंकतो, तुम्ही मारला असो वा नसो. तिसरं, पावसाळ्याच्या अखेरीस कुत्र्यांचा माजाचा काळ येतो, तेव्हा नरांची भांडणं वाढतात. नसबंदी झाली की ती कमी होतात.

नसबंदी आणि रेबीजची लस हे काम २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेमार्फत व्हायचं असतं. ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्था, रुग्णालयं, बस स्थानकं अशा आवारांतली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवावीत, परत त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणजे हा विषय रेक्टर सरांकडे लेखी द्यायचा आहे. पोत्यात भरून रात्री कुठेतरी सोडून येण्याचा तर नाहीच नाही. आणि कुत्रा चावला किंवा नुसतं ओरखडलं तरी जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. परीक्षा आहे, उद्या बघू, असं यात चालत नाही.

सध्या मोत्याची वही आजीकडे आहे. तिच्या अक्षरात परवाची नोंद अशी : 'रात्री एक, टेम्पो, दोनदा भुंकला, बस म्हटल्यावर झोपला. बोंबील संपले, आणणे.'